रिकामी तात

आयुष्यातली मला आठवणारी पहिली थप्पड मी एका तातीपायी खाल्ली. दिग्रसच्या आमच्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर दादाजानची, म्हणजे अब्बांच्या वडिलांची, पिंजण टांगलेली होती. कापूस पिंजायचं ते धनुष्य माझ्याहून लांब, आणि त्याला ताणून बांधलेली बकऱ्याच्या आतड्याची तात. येता-जाता कोणाचा खांदा लागला की ती घुंऽऽ करायची आणि खोलीतली हवा बराच वेळ तिच्यासोबत थरथरत राहायची. मला तो आवाज इतका आवडायचा की अम्मीचं लक्ष नाही असं पाहून मी खाटेवर चढलो आणि दोन्ही हातांनी तात ओढून सोडली. अम्मी कुठून आली ते कळलं नाही, थप्पड मात्र कळली. "रिकामी तात वाजवत नाई रे नालायका! खाली कापूस नसला त ते घरातल्या कोणाले तरी पिंजते." पिंजाऱ्याच्या घरात हा नियम नमाजाच्या खालोखाल. मी गालावर हात ठेवून विचारलं, "मग खांदा लागून वाजते तेव्हा?" तेव्हा दुसरी थप्पड मिळाली. प्रश्न विचारून दुसरी थप्पड मिळवायची माझी सवय तिथून सुरू झाली. (घरात आम्ही उर्दू-वऱ्हाडीची खिचडी बोलायचो. इथे ती वऱ्हाडीकडे कलती करून वाढतोय, कारण लिहायला शिकलो तो मराठी शाळेत.)

अब्बा या पिंजणीपासून पळालेले होते. दादाजानच्या छातीत आयुष्यभराचा कापूस साचला आणि शेवटी शेवटी तो माणूस खोकताना पांढरा दिसायचा असं अब्बा सांगत. "पांढऱ्या हवेत मरण्यापेक्षा काळ्या हवेत जगू," म्हणून ते पोरवयात वणीला गेले, कोळशाच्या ट्रकांवर मिस्त्रीकाम शिकले, आणि परत येऊन घरासमोरच टिनाचं शेड घालून गॅरेज टाकलं. पण अम्मीही पिंजाऱ्याचीच लेक. तिने गाद्या-रजया शिवणं सोडलं नाही. त्यामुळे आमचं घर म्हणजे पुढे लोखंड आणि मागे कापूस. पुढून हातोड्याचा ठणठणाट, मागून काठीने कापूस झोडल्याचा धपधप आवाज, आणि दोन्हींच्या मध्ये चुलीवर तव्याएवढी ज्वारीची भाकर टम्म फुगलेली. आमच्या जेवणात ग्रीसचा वास आणि कापसाचा तंतू हे दोन्ही असायचे. पाहुणे पातोडीच्या रश्शातून तंतू काढून ताटाच्या कडेला ठेवत, आम्ही गिळून टाकत असू.

या सगळ्यावर गावाच्या टोकाच्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचा, भोंगा. तो वाजला की मजूर निघत, शाळा भरे, अम्मी डाळ चढवी. मग ती वर्षं आली, ज्यांच्याबद्दल शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला त्यातलं एवढंच ठाऊक की अळीने बोंडं खाल्ली, रजयांच्या ऑर्डरी आटल्या, आणि एका हंगामात भोंगा वाजलाच नाही. जिनिंग आता उघडणार नाही हे नक्की झालं त्या दिवशी आमची गल्ली सुतक लागल्यासारखी बसली होती. आणि आमचे अब्बा संध्याकाळी जिलबी घेऊन आले. कागदाच्या पुड्यातून पाक गळतोय आणि चेहऱ्यावर ईद! मला वाटलं, जुन्या दुश्मनाचा, कापसाचा, पराभव साजरा करताहेत. मला त्यांची लाज वाटली. जिलबी मात्र मी खाल्ली. लाज आणि जिलबी यांची माझ्यात कधी टक्कर होत नाही.

कापूस घ्यायला कोणी उरलं नाही, तरी कवडी मात्र आमच्याकडे येतच राहिली. कवडी म्हणजे नीट न फुटलेल्या, किडक्या बोंडातला डागाळलेला कापूस. खेड्यातल्या बाया पोतीच्या पोती अम्मीकडे टाकून जात. गादीत जाईना तो अब्बांकडे जाई, इंजिन पुसायला. बाकी गावांत मिस्त्री जुनी बनियन, फाटकी साडी वापरतात. दिग्रसमध्ये आमच्या शेडात मात्र इंजिन बाळंतिणीच्या पोरासारखं कापसाने पुसलं जाई. अब्बांच्या बोटांत पिंजारी होताच, कितीही पळाले तरी. कापसाचा बोळा ते दोन बोटांनी असा फुलवत की तेलाचा थेंब आपण होऊन त्यात शिरायचा. ट्रॅक्टर, जीप, मेटॅडोर, याबद्दल कोणाचीही कधी तक्रार नव्हती.

आणि अब्बांचा कान. लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता त्यांचा. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ते डोळे मिटत. मग सांगत, "तिसऱ्या पिस्टनची पिन ढिली आहे." खोलून पाहावं तर तिसऱ्याचीच. पुसदवरून लोक गाड्या घेऊन येत ते या कानासाठी.

मी यवतमाळला मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलो आणि येताना एक जुना स्कॅनर आणला. गाडीच्या पोटात त्याची वायर खुपसली की पडद्यावर बिघाडाचा नंबर येई. हे यंत्र मी डॉक्टरच्या नळीसारखं गळ्यात घालून चहाच्या टपरीवरही जात असे. अब्बा काही बोलत नसत. मीच त्यांच्या पाठीमागे उभा राहून टपरीवाल्याला हळू, पण फार हळू नाही, सांगायचो, "म्हातारा ऐकून राह्यला का झोपला, काही समजत नाई." अब्बा वळत नसत. मला वाटे, काय मोठं मन आहे!

अशात आमच्याकडे आली प्रेमदासभाऊंची पांढरी गाडी. प्रेमदासभाऊ जवळच्या तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहत, हे नागपूरहून घेतलेल्या या जुन्या जपानी गाडीत माणसं वाहत. माणसं म्हणजे बहुतेक आजारीच. अडलेली बाई, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, गडी, त्या वर्षांत पोटात फवारणीचं औषध गेलेलेही. तांड्यावरून यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत दुसरी गाडी नव्हती.

"मिस्त्री," प्रेमदासभाऊ म्हणाले, "सकाळी चालू केली का खडखड करते, जसं कोणी सुपात तुरीच्या शेंगा हालवून राह्यलं. मग चूप होते. पण चढावर जीवच नाई तिच्यात. आन् हा पिवळा दिवा पाहा."

अब्बांनी पेचकस टेकवला. डोळे मिटले. "आवाज काही नाही. इंजिन शांत आहे."

"आता गरम आहे ना, म्हणून," मी पुढे सरसावलो. स्कॅनर खुपसला. पडद्यावर आलं की कॅमशाफ्टला जितकं सरकायला सांगितलंय तितका तो सरकत नाही. मी हे अशा थाटात वाचलं, जणू कॅमशाफ्टने मला खासगीत सांगितलं होतं.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण रात्रीच्या जेवणाला हेच मी अम्मीला समजावलं होतं. इंजिनात हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला झडपा असतात, आम्ही त्यांना वॉल म्हणतो. कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरून त्या उघडतो आणि मिटतो. जुन्या इंजिनात कोणती कधी उघडायची हे एकदा ठरलं की जन्मभर तेच. या नव्या तऱ्हेच्या इंजिनात दांड्याच्या टोकाला पोकळ चाक होतं. त्या चाकात तेलाचा दाब भरला की दांडा जरा पुढे सरके, सोडला की मागे. म्हणजे गाडी रमतगमत चालली तर वॉल एका वेळी उघडणार, जोर लावला तर दुसऱ्या वेळी. ते तेल सोडायला-अडवायला बोटाएवढं विजेचं सोलेनॉइड, आणि तेलातली घाण अडवायला त्याच्याआधी एक बारीक जाळी, अम्मी शिवताना बोटात घालते त्या टोपणाएवढी.

अम्मी म्हणाली, "म्हंजे भूक पाहून ताट वाढणं. त्यात एवढं काय शिकाचं?"

माझी पहिली चूक अशी की मी कॅमशाफ्टचा सेन्सर बदलला आणि स्कॅनरवरून बिघाडाचा नंबर पुसून टाकला. दिवा गेला. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. चहाच्या कपाचे डाग वाळायच्या आत गाडी परत. नंबर पुसणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकणं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं.

मग तेल पाहिलं. गाडी आधी एकदा तेल-फिल्टर बदलायला आली होती तेव्हा अब्बांनी आपल्या सवयीने जाड, ट्रॅक्टरला चालेल असं तेल घातलं होतं. ते त्या बारीक वाटांतून थंडीच्या सकाळी सरकणार कसं? मी पातळ तेल मागवलं, फिल्टर बदलला. अब्बांनी फिल्टरची बैठक, त्याचं मधलं भोक, सगळं कवडीने प्रेमाने पुसून दिलं. गाडी काही दिवस बरी चालली. मग पुन्हा शेंगा खडखडल्या.

मग सोलेनॉइड. ते चालतं का हे पाहायला बॅटरीची तार क्षणभर लावायची, टक आवाज आला की काढायची. मी लावली. टक! टपरीवाला म्हणाला, "वा! पुन्हा." मी पुन्हा. शाळेतून येणारी पोरं थांबली. मी त्यांच्यासाठी टक-टक करून दाखवलं आणि मग भाषण देण्याच्या नादात तार लावलेलीच राहिली. धूर निघाला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. नवं सोलेनॉइड नागपूरहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती आलं. ते बसवण्याआधी अब्बांनी त्याचं भोक कवडीने पुसलं. पुन्हा काही दिवस बरं, पुन्हा तेच.

शेवटी मी चेनवर संशय घेतला. कॅमशाफ्ट फिरवणारी चेन लांबली तरी असंच होतं. अख्खं पुढचं कव्हर खोललं. चेन ठणठणीत, खुणेवर खूण. सगळं परत बसवलं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, खडखड आहे. प्रत्येक वेळी अब्बा पेचकस कानाला लावून म्हणायचे, "काही आवाज नाही." मला वाटायचं, गिऱ्हाईकासमोर इज्जत वाचवायला म्हातारा खोटं बोलतोय.

आणि मग तो चढ झाला. यवतमाळच्या वाटेवर, गाडीत मागे एक म्हातारा विव्हळतोय, श्वास लागलेला, आणि गाडी पुढे सरकेना. त्याची मुलं, सून, सगळी खाली उतरली आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी हात लावून चालू लागली. प्रेमदासभाऊंनी मला सांगितलं तेव्हा ते रागावलेले नव्हते, हेच वाईट. "बापा रफीक, मी आरशात पाह्यलं. जित्या माणसाची मयत चालली होती माह्या गाडीत." तो म्हातारा वाचला. नाहीतर हे प्रकरण लिहायला मी बसलो नसतो.

"गाडी इथंच ठेवा," अब्बा म्हणाले. "सकाळी थंडी असतानाच ऐकू."

सकाळी शेडात दव पडलेलं होतं. अम्मी काळा चहा घेऊन दारात उभी. अब्बा बोनटवर वाकले, पेचकसाचं टोक चेनच्या कव्हरवर, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. हात हलवून त्यांनी मला खूण केली. मी चावी फिरवली.

खडखडखडखड! कोंबड्या पांगल्या. समोरच्या दर्जीने खिडकी उघडून पाहिलं. मी स्टिअरिंगवर हात आपटला, आता सापडला म्हातारा! गाडीतून उडी मारून त्यांच्यासमोर गेलो. अब्बांनी शांतपणे डोळे उघडले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू नवजात पोराचा श्वास ऐकला. "पाहा," ते म्हणाले, "काही आवाज आहे का? एकदम शांत."

मी तोंड उघडलं. एवढ्यात अब्बांच्या पाठीमागे अम्मीने ओठांवर बोट ठेवलेलं दिसलं. तिच्या दुसऱ्या हातातली कपबशी किणकिणत होती. तीही अब्बांना ऐकू येत नव्हती.

स्वयंपाकघरात ती चुलीकडे तोंड करून बोलली. "अजान झाली का तुहे अब्बा समोरच्या दर्जीले पाह्यते. दर्जी उठला का हे उठते. दर्जी गावाले गेलता तेव्हा तुह्या बापाचा जुम्मा हुकला."

"कधीपासून?"

"जिलबी आणली होती ते आठवते? भोंग्याची?" ती थांबली. "त्यायले बऱ्याच दिवसांपासून भोंगा ऐकू येत नवता. वाटत होतं का आपलाच कान गेला. मंग गल्लीतल्या लोकायनं सांगतलं का जिनिंगच बंद पडली. असे खूश झाले, बापा! वाटलं, कान शाबूत हाये, भोंगाच मेला."

मी शेडात परत गेलो तेव्हा अब्बा सोलेनॉइड काढत होते. आजपर्यंत मी त्यांच्या पाठीमागे जे जे बोललो ते सगळं मला एकदम ऐकू आलं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. मी त्यांच्या समोर गेलो, तोंड दिसेल असा, आणि म्हणालो, "अब्बा, ते जाळी. ते तर आपण पाह्यलीच नाई."

जाळीला स्वतःचा वेगळा बोल्ट होता, खाली, अंधारात, हाताला न लागणारा. म्हणूनच ती राहून गेली होती. काढली तर जाळी दिसेना. तिच्यावर एक टोपी बसलेली, तपकिरी, घट्ट, जणू कोणी बाहुलीसाठी छोटी रजई शिवली होती. मी तिला कार्बन म्हणालो. अब्बांनी ती माझ्या हातातून घेतली, पेट्रोलमध्ये बुडवली आणि दोन बोटांनी ओढली. ती लांबत गेली. तंतू सुटे झाले. पिंजाऱ्याच्या बोटांना विचारावं लागत नाही.

"कवडी आहे," अब्बा म्हणाले. "आपलीच."

फिल्टर काढून जिथे जिथे आम्ही कापसाने पुसलं, तिथून तंतू आत गेले. फिल्टरच्या पलीकडे गेलेल्याला अडवणारं पुढे कोणी नाही, फक्त ही जाळी. ट्रॅक्टरच्या रुंद वाटांनी कापूस कधी जाणवू दिला नाही. या गाडीची सगळी वेळ त्या टोपणाएवढ्या जाळीतून जात होती आणि दर वेळी दुरुस्त करताना आम्हीच ती थोडी थोडी बुजवत होतो. अब्बा तो तंतू उन्हात धरून बघत राहिले. "एवढं पळालो," ते म्हणाले, "आन् हा माह्याआधी इंजिनात येऊन बसला."

त्या दिवशी अब्बांनी कवडीचं पोतं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि अम्मीकडून तिची जुनी सुती साडी मागून घेतली. जाळी, सोलेनॉइड, त्याचं भोक, सगळं पेट्रोलने धुतलं, हवेने फुंकलं. तेल आणि फिल्टर नवे. गाडी रात्रभर थंड होऊ दिली.

सकाळी प्रेमदासभाऊही आले. मी चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि फक्त लागलं. एक गुरगुर, बस. कोंबड्या दाणे टिपत राहिल्या. प्रेमदासभाऊंनी छातीवर हात ठेवला. पिवळा दिवा विझलेला. अब्बा अजून वाकलेले होते, पेचकस कानामागे. मी वाट पाहत होतो की ते नेहमीसारखं जाहीर करतील. त्यांनी डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं:

"रफ्या, येऊन राह्यला का आवाज?"

"नाई अब्बा. आता शांत आहे."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "मले तर कालही शांतच होतं," ते म्हणाले, आणि पेचकस माझ्याकडे न देता, अम्मीच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी खोक्यात ठेवला.

खोक्यात तो राहिला नाही. गिऱ्हाईक यायचं ते अब्बांच्या कानासाठी, माझ्या स्कॅनरसाठी नाही. मग आम्ही बापलेकांनी एक कट केला. अब्बा पेचकस टेकवत, डोळे मिटत, म्हणजे एक मिटत आणि दुसरा किलकिला करून माझ्यावर ठेवत. ठीक असलं तर मी नाक खाजवायचं, बिघाड असला तर मान. एकदा मळणीचा भुसा उडत होता आणि माझं नाक खरंच खाजलं. अब्बांनी मरणपंथाला लागलेल्या ट्रॅक्टरला "एकदम तंदुरुस्त" असा दाखला दिला. मालक म्हणाला, "मिस्त्री, हा खडखडाट त माह्या बहिऱ्या आईलेही ऐकू येईन!" अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, परिस्थिती ओळखली आणि म्हणाले, "ट्रॅक्टर तंदुरुस्तच आहे. हा पोट्टा बिघडेल हाये." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसावं.

प्रेमदासभाऊंची गाडी पुढे बरीच वर्षं चढ चढली. आता माझ्या दाढीत कापूस पिकलाय आणि डॉक्टर म्हणतात माझाही डावा कान गेलाय. उजवा मी अम्मीचं ऐकायला राखून ठेवला होता, पण तीही आता नाही. त्या वर्षांतली एक दुपार मात्र दोन्ही कानांत तशीच आहे. शेडात काम नव्हतं. मी आत आलो तर मधल्या खोलीत अब्बा खाली बसलेले, दादाजानची पिंजण भिंतीवरून काढून मांडीवर घेतलेली. तिचं लाकूड त्यांनी जबड्याला घट्ट टेकवलं होतं, पेचकसाची मूठ टेकवत तसं. आणि त्यांनी तात ओढून सोडली. घुंऽऽ. डोळे मिटलेले. पुन्हा सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर ते समाधान नव्हतं, जे शांत इंजिन ऐकल्यावर असायचं. हे वेगळं होतं. त्यांना काहीतरी येत होतं. हाडातून, दातातून, कुठून तरी, पण येत होतं.

अम्मी दारात आली. मी गालावर हात ठेवला, इतक्या वर्षांनंतरही. ती रिकाम्या तातीकडे पाहत होती. मला वाटलं, आता ओरडेल. पण ओरडून कोणाला ऐकू जाणार होतं? ती मागच्या खोलीतल्या पोत्याकडे गेली, कवडीची एक मूठ घेऊन आली, अब्बांच्या समोर बसली आणि हळूच तातीखाली सारली.